पुस्तक न वाचतां पाहिलेला चित्रपट

छत्तीस वर्षें मुलांना मराठी शिकविण्यांत घालविलेल्या एका मास्तरानें आपणच घालून दिलेला नियम मोडल्याची ही कबुली आहे. "आधीं पुस्तक वाचावें, मग त्यावरचा चित्रपट पाहावा" हा तो नियम. वर्गांत, स्नेहसंमेलनांत, पालकांच्या सभेंत, जेथें संधि मिळेल तेथें मीं तो सांगितला. आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, गेल्या दिवाळीच्या सुटींत, ओळीनें तीन रात्री बसून मीं स्वतःच तो मोडला.

झालें असें कीं, माझी नात सुटीसाठीं आमच्याकडे आली होती. ती चौदा वर्षांची आहे. येतांना तिनें विटेएवढें जाड एक इंग्रजी पुस्तक बरोबर आणलें होतें. नांव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. तें तिचें दुसऱ्यांदा वाचून होत आलें होतें. तिनें तें माझ्या हातीं दिलें. मीं उघडलें आणि मिटलें. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदु काढलेला आहे, दुसऱ्याचा पिकत आला आहे, आणि टाइप म्हणजे मुंग्यांची रांग. शिवाय माझें इंग्रजी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरतें. त्यावर परिपत्रकें समजतात, हजार पानांची कादंबरी पेलत नाहीं. तेव्हां नात म्हणाली, "मग आजोबा, आपण चित्रपटच पाहूं या. तिन्ही भाग माझ्याजवळ आहेत." मीं तिला नियमाची आठवण दिली. ती म्हणाली, "नियम तुमच्या विद्यार्थ्यांसाठीं होता ना? तुम्ही कुठें विद्यार्थी आहां!" ह्या युक्तिवादावर मला उत्तर सुचलें नाहीं.

तेव्हां मूळ पुस्तक न वाचतां असा अद्भुतरम्य चित्रपट पाहणाऱ्याचें नेमकें होतें काय, तो काय गमावतो आणि त्याला काय लाभतें, हा आजचा विषय.

आधीं पुस्तकाविषयीं दोन शब्द. जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक, प्राचीन इंग्रजी भाषेचे पंडित. जन्म १८९२ सालचा, मृत्यु १९७३ सालचा. १९३७ मध्यें त्यांनीं 'द हॉबिट' ही मुलांसाठीं लिहिलेली गोष्ट प्रसिद्ध केली. ती लोकांना आवडली, म्हणून प्रकाशकानें पुढची गोष्ट मागितली. ती लिहून व्हावयास सुमारें बारा वर्षें लागलीं आणि छापून बाहेर पडावयास १९५४ साल उजाडलें. मुळांत ती एकच कादंबरी. परंतु महायुद्धानंतरच्या काळांत कागद आणि छपाई महाग, म्हणून १९५४-५५ मध्यें तिचे तीन खंड करून काढले. पुढें पीटर जॅक्सन ह्या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकानें तिच्यावर तीन चित्रपट केले. ते २००१, २००२ आणि २००३ ह्या वर्षांच्या डिसेंबरांत लागले. तिसऱ्याला ऑस्करचीं अकरा पारितोषिकें मिळालीं. चित्रगृहांत दाखविलेल्या आवृत्तीच धरल्या तरी तिन्ही मिळून सव्वानऊ तास होतात.

कथा थोडक्यांत अशी. सॉरॉन नांवाच्या एका महाबलाढ्य दुष्टानें एक अंगठी घडविली आहे. ती ज्याच्या हातीं पडते त्याला सामर्थ्य देते, आणि त्याला हळूहळू आपला गुलाम करते. ही अंगठी 'हॉबिट' नांवाच्या, माणसाच्या निम्म्या उंचीच्या, शेतीवाडी करून सुखानें खाऊनपिऊन राहणाऱ्या लोकांपैकीं फ्रोडो ह्या एकाकडे येते. ती नष्ट करावयाची तर ज्या अग्निपर्वतांत ती घडली तेथेंच, शत्रूच्या राज्याच्या मध्यभागीं, नेऊन टाकली पाहिजे. तो आणि त्याचा सोबती सॅम तिकडे निघतात.

सामाजिक कथेवरचा चित्रपट आणि अद्भुतरम्य कथेवरचा चित्रपट ह्यांत मूळचाच एक भेद आहे. पहिल्या प्रकारांत वाडा दिसला, सासू दिसली, कोर्टाची पायरी दिसली, कीं आपण उरलेलें आपल्या अनुभवांतून भरून घेतों. अद्भुतांत तसें करतां येत नाहीं. तेथला भूगोल निराळा, इतिहास निराळा, जाती निराळ्या. टोल्किनसाहेबांनीं तर त्या जगासाठीं नव्या भाषासुद्धां रचल्या होत्या. पुस्तकाला हें सारें सांगावयास सवड असते. अंगठीचा पूर्वेतिहास पुस्तकांत गॅन्डाल्फ हा वृद्ध जादूगार फ्रोडोच्या घरीं बसून त्याला सांगतो, आणि उरलेला पुढें एका लांबलचक सभेंत कळतो. चित्रपटानें काय केलें? आरंभींच गॅलाड्रिएल ह्या अप्सरेसारख्या राणीच्या आवाजांत सात-आठ मिनिटांत हजारों वर्षांचा इतिहास उलगडून टाकला. मला आमच्या संगीत नाटकांतल्या सूत्रधाराचीच आठवण झाली.

आपल्याकडे ही अडचण फारशी पडत नसे. १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांनीं गिरगांवांत 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, तेव्हां चित्रपट मुका होता. तरी प्रेक्षकांत हरिश्चंद्र कोण आणि विश्वामित्र कोण, हें कुणाला सांगावें लागलें नसेल. ती कथा त्यांनीं कीर्तनांत, आजीच्या तोंडून, कितीदां तरी ऐकलेली. म्हणजे पोथी न वाचणाराही पोथी 'वाचून'च आला होता. पुढें काय होणार हें ठाऊक असतांना तें कसें होतें एवढेंच पाहावयाचें, ही आपली जुनी संवय आहे. म्हणून परक्या देशाचा असा चित्रपट समोर आला कीं आपण एकदम पोरके होतों.

मीही झालों. पहिल्या रात्रीं सॉरॉन आणि सारुमान ह्या दोन नांवांची मीं अशी गल्लत केली कीं पाऊण तास मी दोघांना एकच समजत होतों. एक शत्रूंचा मुख्य, दुसरा त्याला फितूर झालेला जादूगार. वाचणाऱ्याची अशी फसगत झाली तर तो दोन पानें मागें जातो. पाहणाऱ्याला मागें जातां येत नाहीं. निदान चित्रगृहांत येत नाहीं. घरीं बटण दाबून थांबवितां येतें, पण दर पांच मिनिटांनीं थांबविलेला चित्रपट हा चित्रपट राहत नाहीं, पाठ होतो. दिग्दर्शकानें ह्यावर डोळ्यांचा उपाय केला आहे. सारुमानाला पांढरीं वस्त्रें आणि लांब दाढी दिली आहे, आणि पुस्तकांत जो कधीं समोरच येत नाहीं त्या सॉरॉनला मनोऱ्यावरचा एक जळता डोळा करून ठेवलें आहे. उपाय ढोबळ खरा; पण माझ्यासारख्याला उपयोगी पडला.

आतां लाभाची बाजू. ही मी आजवर विद्यार्थ्यांना कधीं सांगितली नव्हती, कारण मला ती ठाऊकच नव्हती.

पहिल्या भागांत मोरिया नांवाच्या एका ओसाड पाताळनगरींतून ही मंडळी चाललेली असतात. तेथें एका अरुंद दगडी पुलावर गॅन्डाल्फ एका अग्निराक्षसाला अडवितो, पूल कोसळतो, आणि तो स्वतःही त्या राक्षसाबरोबर खोल काळोखांत ओढला जातो. मी खुर्चीच्या कडेवर आलों होतों. हा म्हातारा असा मध्येंच जाईल अशी कल्पनाही माझ्या मनांत नव्हती. पुढचीं दोन मिनिटें पडद्यावर कुणाचे शब्द नीट ऐकूं येत नाहींत, नुसतें संगीत आणि दगडांवर बसून रडणारीं माणसें. आणि माझीही स्थिति त्यांच्यासारखीच झाली. सहज वळून पाहतों तों माझी नात पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. तिला पुढचें सगळें ठाऊक होतें. तो धक्का तिला पहिल्या वाचनांत एकदांच मिळाला होता, पुन्हा मिळणार नव्हता. म्हणून ती तो माझ्या चेहऱ्यावर पाहत होती.

न वाचणाऱ्याचें हें धन आहे, आणि तें एकदांच खर्च होतें. पुढचें आधीं कळूं नये ह्याची काळजी स्वतः टोल्किनसाहेबांनाही होती. तिसऱ्या खंडाचें 'राजाचें पुनरागमन' अशा अर्थाचें जें नांव ठरलें तें त्यांना पसंत नव्हतें; त्या नांवानें गोष्टीचा शेवट आधींच फुटतो, असें त्यांचें म्हणणें. त्यांना 'अंगठीचें युद्ध' हें नांव हवें होतें. तेव्हां आपल्या घरीं कुणी वाचलेला आणि कुणी न वाचलेला असे एकत्र बसणार असतील, तर वाचलेल्यानें तोंड मिटून बसावें, एवढी विनंति मी करतों. आमच्या घरीं तें पाळलें गेलें. मात्र पहिल्या दिवशीं नातीनें पुस्तकांतला नकाशा मोठा करून भिंतीवर लावला, तो फार उपयोगी पडला. नकाशानें गोष्ट फुटत नाहीं, पण पूर्व कोठें आणि पश्चिम कोठें हें समजतें.

हानि मात्र निराळ्या प्रकारची आहे. जें गेलें तें गेल्याचें पाहणाऱ्याला कळतच नाहीं. तिसऱ्या रात्रीनंतर मीं नातीला एकेक विचारूं लागलों, तेव्हां मला तें कळलें.

एक काळाची गोष्ट घ्या. चित्रपटांत फ्रोडोचा काका बिल्बो आपल्या एकशें अकराव्या वाढदिवसाला अंगठी मागें ठेवून निघून जातो, आणि थोड्याच काळांत फ्रोडोला घर सोडावें लागतें. पुस्तकांत ह्या दोहोंमध्यें सतरा वर्षें जातात. बिल्बो गेला त्या दिवशीं फ्रोडो तेहतीस वर्षांचा, आणि तो निघतो तेव्हां पन्नास वर्षांचा. चित्रीकरण सुरू झालें तेव्हां ती भूमिका करणारा नट अठरा वर्षांचा होता. आपण पडद्यावर एका कोवळ्या मुलाचें साहस पाहतों. पुस्तकांत तें पन्नाशीला आलेल्या, घर, बाग, शेजार सोडवत नसलेल्या एका गृहस्थाचें निघणें आहे. अंगठीच्या गुणानें त्याचें रूप तरुणच राहिलें, हें खरें. पण पन्नाशींत गांव सोडणें काय असतें, हें ज्यानें बदलीच्या हुकुमावर बिछाना गुंडाळला आहे त्याला विचारावें.

दुसरी गोष्ट फॅरामीर ह्या सरदाराची. पुस्तकांत त्याच्या हातीं फ्रोडो सांपडतो, अंगठीचें रहस्य कळतें, आणि तरी तो मोहाला बळी न पडतां त्याला वाट मोकळी करून देतो. चित्रपटांत तो आधीं मोहांत पडतो, फ्रोडोला बांधून आपल्या बापाच्या राज्याकडे घेऊन जाऊं लागतो आणि मग सोडतो. ज्यांनीं पुस्तक वाचलें होतें त्यांतल्या पुष्कळांना हा बदल फार लागला, माझ्या नातीलाही. मला लागला नाहीं, कारण मला मूळचा फॅरामीर ठाऊकच नव्हता. पटकथा लिहिणारांनीं ह्याचें कारण दिलें आहे : अंगठी जो पाहील त्याला ओढते असें दोन चित्रपट दाखवीत आल्यावर एक मनुष्य तिच्याकडे ढुंकूनही न पाहतां निघून गेला, तर तिची भीतीच उरणार नाहीं. शिवाय पुस्तकांत दुसऱ्या खंडाच्या शेवटीं येणारा राक्षसी कोळिणीचा प्रसंग त्यांनीं तिसऱ्या भागांत नेला होता. दुसऱ्या भागांत फ्रोडोच्या वाटेंत कांहीं तरी संकट हवेंच होतें. दोन्हीं कारणें मला पटतात. तरी कागदावर जो माणूस मोहाला जिंकतो तो पडद्यावर तेवढ्या सहजतेनें जिंकूं शकत नाहीं, ही पडद्याची दुर्बलता आहे, माणसाची नव्हे.

तिसऱ्या ठिकाणीं मात्र मी सरळ पुस्तकाचा पक्ष घेतों. गॉलम नांवाचा एक दीन, विकृत प्राणी ह्या कथेंत आहे. अंगठी कैक वर्षें त्याच्याजवळ होती आणि तिच्यावाचून तो वेडापिसा झाला आहे. पूर्वीं बिल्बोला त्याला मारण्याची संधि होती. त्यानें दया येऊन मारलें नाहीं. पुढें फ्रोडोनेंही त्याला जगूं दिलें. शेवटीं पर्वताच्या तोंडाशीं उभा राहून फ्रोडो अंगठी टाकूं शकत नाहीं. ती माझी, असें म्हणून बोटांत घालतो. नायक येथें हरतो, श्रोतेहो, ही विलक्षण गोष्ट आहे. मग गॉलम त्याचें बोट दांतांनीं तोडून अंगठी मिळवितो. पुस्तकांत तो आनंदानें नाचतां नाचतां कडेवरून तोल जाऊन आंत पडतो. कुणी त्याला ढकलीत नाहीं. जें काम शूरांच्या हातून झालें नाहीं तें पूर्वीं केलेल्या दयेच्या पदरांत पडतें. चित्रपटांत फ्रोडो उठून त्याच्याशीं झटतो आणि त्या झटापटींत दोघेही कडेवरून जातात. फ्रोडो कसाबसा लोंबकळून वांचतो. पाहतांना श्वास रोधला गेला हें मी नाकारीत नाहीं. परंतु नातीनें मूळ प्रसंग सांगितला तेव्हां मी बराच वेळ गप्प बसलों होतों.

टोल्किनसाहेबांचें स्वतःचें मत अशा रूपांतरांना अनुकूल नव्हतें. १९३९ सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें त्यांनीं परीकथांवर एक व्याख्यान दिलें. पुढें १९४७ मध्यें तें निबंधरूपानें छापलें गेलें. त्यांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, अद्भुत हें शब्दांवर सोंपवावें हेंच बरें, नाट्याचें आणि त्याचें मुळांत जमत नाहीं. त्यांचें कारण मोठें मार्मिक आहे. गोष्टींत नुसती टेकडी किंवा नदी म्हटली, तर प्रत्येक ऐकणारा स्वतः पाहिलेल्या टेकड्या-नद्यांतून आपली एक घडवितो. चित्रांत मात्र एकच टेकडी असते. १९५८ मध्यें ह्याच कादंबरीवरच्या एका नियोजित चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हां त्यांनीं त्यावर चिडून सविस्तर टीका लिहिली. त्यांतली एक सूचना मजेची आहे. चालत्याबोलत्या वृक्षांचा भाग आणि किल्ल्यावरची रात्रीची लढाई, ह्या दोहोंना पुरेशी जागा देतां येत नसेल तर एक गाळावें. आणि गाळायचें तें लढाईचें गाळावें. पुढें जो चित्रपट प्रत्यक्ष निघाला त्याच्या दुसऱ्या भागाचा सारा डोलारा त्याच लढाईवर उभा आहे. ती मीं पाहिली, मला ती आवडली, आणि हें वाचल्यावर थोडी लाज वाटली.

तिसऱ्या चित्रपटाचा शेवट संपतां संपत नाहीं, अशी तक्रार पुस्तक न वाचलेले पुष्कळ जण करतात. मीही त्या रात्रीं संपलें असें समजून तीनदां चष्मा काढून ठेवला आणि तीनदां पुन्हा घातला. ह्याचें मूळ पुस्तकांत आहे. तेथें अंगठी नष्ट झाल्यावरही सहा प्रकरणें शिल्लक राहतात. दिग्दर्शकाला त्यांतलें पुष्कळ सोडवलें नाहीं. परंतु त्यानें एक प्रकरण मुळींच घेतलें नाहीं, आणि तें सर्वांत महत्त्वाचें होतें असें माझ्या नातीचें मत आहे. आतां माझेंही आहे.

पुस्तकांत हे चौघे हॉबिट जग वांचवून आपल्या गांवीं, शायरांत, परत येतात, तेव्हां तेथें भलतेंच झालेलें असतें. ओळीनें लावलेलीं झाडें तोडलेलीं, नदी घाण झालेली, जुन्या घरांच्या जागीं ओबडधोबड खुराडीं, जेथें तेथें नियमांच्या पाट्या, गुंडांचें राज्य, आणि शेजारीच शेजाऱ्यावर पहारेकरी. लांबच्या युद्धांत हरलेला सारुमान येथें येऊन बसला आहे. त्यांना आपलें घर पुन्हा लढून मिळवावें लागतें. लेखक स्वतः १९१६ सालीं फ्रान्सांत सोमच्या रणांगणावर होता. कथा म्हणजे कोणत्याही युद्धाचें रूपक नव्हे, असें त्यानें प्रस्तावनेंत स्पष्ट सांगितलें आहे. पण आपण ज्या खेड्यांत वाढलों तें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत होतें, हेंही त्यानें तेथेंच लिहून ठेवलें आहे. चित्रपटांत शायर होतें तसेंच हिरवेंगार राहतें. चौघे खाणावळींत पेले पुढें घेऊन बसतात, आजूबाजूचे लोक आपल्याच नादांत, ह्यांनीं काय भोगलें तें कुणाला ठाऊक नाहीं. तेंही दुःखच, आणि तें पडद्यावर सुरेख दाखविलें आहे. परंतु 'परत आलों तर घर होतें, मीच बदललों होतों' हें एक दुःख, आणि 'परत आलों तर घरच नव्हतें' हें दुसरें. माझ्या गांवची नदी ज्यानें माझ्या लहानपणीं पाहिली असेल त्याला कोणतें अधिक जवळचें वाटेल, हें सांगावयास नको.

येथें मला एका विद्यार्थ्याविषयीं बोललें पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. साने गुरुजींच्या 'श्यामच्या आई'वर मीं चाचणींत प्रश्न घातला होता. एका मुलानें उत्तरांत आचार्य अत्र्यांच्या चित्रपटांतला एक प्रसंग पुस्तकांतला म्हणून लिहिला. मीं त्यावर तांबडी फुली मारली आणि साऱ्या वर्गासमोर विचारलें, "पुस्तक वाचलें आहे कीं नुसता सिनेमा?" तो म्हणाला, "सिनेमा, गुरुजी. शेजारच्यांकडे दूरदर्शनवर." मुलें हंसलीं. मीही हंसलों, हें आतां सांगतांना मला बरें वाटत नाहीं. सत्र संपतां संपतां कपाट आवरतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, शाळेच्या ग्रंथालयांत त्या पुस्तकाची एकच प्रत होती, आणि ती जूनपासून माझ्याच खणांत पडून होती. त्या मुलाला मीं कांहीं म्हटलें नाहीं. पुढें तो शाळा सोडून गेला. फ्रोडो आणि सॅम ह्यांचा प्रवास मीं टकमक पाहत होतों तेव्हां हा मुलगा मला दोनदां आठवला. पुस्तक हाताशीं नसणारा, किंवा हाताशीं असून न वाचवणारा, पडद्याकडे गेला तर तो आळशी ठरत नाहीं.

पण टेकडीविषयींची ती गोष्ट खरी आहे. नातीनें पुस्तक प्रथम वाचलें तें चित्रपट पाहण्यापूर्वीं. हॉबिट टेकडीच्या पोटांत घर करून राहतात हें वाचल्यावर तिच्या डोळ्यांपुढें काय आलें असेल? आमच्या जुन्या घरच्या अंगणांत धान्य सांठविण्याचें पेंव होतें. ती लहान असतांना मीं तिला त्याचें तोंड दाखविलें होतें. बिल्बोचें घर म्हणजे तिच्या लेखीं तें पेंव, आंत दिवा लावलेलें. मग तिनें चित्रपट पाहिला. आणि न्यूझीलंडमधील माटामाटा गांवाजवळच्या कुरणांत बांधलेलीं तीं वाटोळ्या हिरव्या दारांचीं घरें तिला इतकीं आवडलीं कीं पेंव पुसून गेलें. "आतां प्रयत्न केला तरी तें दिसत नाहीं, आजोबा," असें ती म्हणाली. माझें तर काय, माझ्याजवळ पुसून जाण्यासारखें पेंवही नव्हतें. इंग्लंडचें खेडें मीं पाहिलेलें नाहीं. पडद्यानें दाखविलें तें मीं घेतलें.

नभोवाणीवर बोलत आहें म्हणून सांगतों, ह्या बाबतींत श्राव्य माध्यम अधिक दयाळू आहे. १९८१ मध्यें बी. बी. सी. नें ही कथा सव्वीस भागांत ऐकविली. तींत इयन होम ह्या नटानें फ्रोडोचा आवाज दिला होता. वीस वर्षांनीं तोच नट चित्रपटांत म्हातारा बिल्बो झाला. आवाज दुसऱ्याचा असला तरी चेहरा ऐकणाऱ्याचाच राहतो.

आतां आमच्या घरीं काय चाललें आहे तें सांगून संपवितों. दिवाळीनंतर नात आपल्या घरीं गेली. पण दर शनिवारीं संध्याकाळीं ती दूरध्वनीवरून मला तें पुस्तक वाचून दाखविते. एक परिच्छेद इंग्रजींत, मग त्याचा तिच्या मराठींत अर्थ. अडलें कीं मी एखादा शब्द सुचवितों. सुरुवातीला माझी निराशा झाली. गॅन्डाल्फ बोलला कीं तो नट दिसे, सॅम बोलला कीं तो दुसरा. मला वाटलें, माझें वाचन पाहण्यानें कायमचें बाटलें.

मग एका शनिवारीं ती एका अरण्याच्या प्रकरणाला आली. हॉबिट एका दुष्ट झाडाच्या तावडींत सांपडले आहेत, आणि इतक्यांत निळा अंगरखा, पिवळे बूट, टोपीला पीस, असा एक दणकट मनुष्य अर्थ ना बोध असलेलें गाणें गात उड्या मारीत येतो. मीं विचारलें, "हा कोण? हा नव्हता चित्रपटांत." ती म्हणाली, "टॉम बॉम्बॅडिल. त्याला त्यांनीं गाळला." बी. बी. सी. नेंही त्याला गाळला होता, असें तिनें मागाहून सांगितलें. त्याचा चेहरा मला कुणीच दाखविलेला नव्हता. आणि मला काय दिसलें म्हणाल? आमच्या आळींत पहांटे येणारा वासुदेव! डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, हातांत चिपळ्या, स्वतःभोंवतीं गिरकी घेत चाललेला. पीस मोराचें नसेल, आळी इंग्लंडची असेल. पण तो माझा बॉम्बॅडिल होता. नातीला मीं हें सांगितलें तेव्हां ती हंसूं लागली, आणि म्हणाली कीं २०२४ सालच्या एका मालिकेंत त्याला कुणा नटानें उभें केलें आहे, हवें तर दाखवितें. मीं तिला तें दाखवूं नकोस असें निक्षून सांगितलें आहे.

शायर उद्ध्वस्त झाल्याचें प्रकरण अजून फार दूर आहे. तिच्या हिशेबानें आम्ही तेथें पुढच्या वर्षींच्या गुढीपाडव्याच्या सुमारास पोहोंचूं. त्या प्रकरणाचें चित्र मीं कोठेंच पाहिलेलें नाहीं.